'आफ्रिकन ड्रम' म्हणजे नक्की कुठला?

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या भाच्याने डायनिंग टेबल बडवून घर डोक्यावर घेतलं होतं. तो न्यू जर्सीत चौथीत शिकतो. तिकडे फेब्रुवारी म्हणजे 'ब्लॅक हिस्टरी मंथ'. त्यानिमित्त शाळेत एक ग्रुप आला होता. तासभर जेंबे वाजवला, पोरांना नाचवलं, फुल्ल धमाल! मी विचारलं, ''कुठलं रे हे म्युझिक?''
''आफ्रिकेचं.''
''आफ्रिकेत कुठलं?''
''अगं मावशी, आफ्रिकेचंच!''

हसू नका. आपणही तेच म्हणतो. आफ्रिकेत 54 देश आहेत. उद्या कुणी आपला ढोल-ताशा, केरळचा चेंडा आणि पंजाबचा ढोल एका पोत्यात भरून त्यावर 'एशियन ड्रम' लिहिलं, तर आपल्या पथकातली पोरं गप्प बसतील?

पश्चिम आफ्रिकेचं वादन आणि नाच शाळांमध्ये यायलाच हवेत, याबद्दल माझं दुमत नाही. प्रश्न आहे तो कसे यावेत याचा. जेंबे हा माली-गिनी भागातल्या मलिंके लोकांचा. त्यांचा 'कासा' हा ताल शेतात राबणाऱ्यांसाठी वाजतो. घाना-टोगोकडच्या एवे लोकांकडे लोखंडी घंटेचा ठेका शेवटपर्यंत तोच राहतो, बाकी सगळे त्यावर आपापलं वाजवतात. मुख्य ढोल इशारा देतो, की नाचणारे चाल बदलतात. त्यांच्या भाषेत ढोलाचा शब्दच वाजवणं, गाणं, नाचणं या सगळ्यासाठी चालतो. म्हणजे इथे नुसतं वाजवून भागत नाही. दुसऱ्याचं ऐकावं लागतं. ताशाकडे कान ठेवून ढोल वाजवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं एका तासात कसं शिकवणार? तासाभरात फक्त गोंगाट होतो. आणि समजा, त्याच वर्गात गिनीहून आलेल्या घरातली एक मुलगी बसली असेल, तर? त्या तासात ती सगळ्यांसाठी फक्त 'आफ्रिका' होते. तिच्या आजीच्या गावाचं, भाषेचं नाव फळ्यावर आलं असतं, तर तिची मान किती ताठ झाली असती!

बाबातुंडे ओलातुंजी हे नायजेरियाचे योरुबा वादक. 1950 मध्ये ते शिकायला अमेरिकेत, अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजात आले. आफ्रिकेबद्दल तिथलं अज्ञान बघून त्यांनी ढोल हातात घेतला. 1960 मध्ये त्यांचा 'ड्रम्स ऑफ पॅशन' हा अल्बम गाजला. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांनी स्वतःचं केंद्र काढलं. तिथे नाच आणि वादनासोबत भाषा आणि इतिहासही शिकवला जायचा. म्हणजे वाट कधीचीच पाडून ठेवली आहे.

''लहान मुलांना एवढं कुठे कळतं?'' असं कुणी म्हणेल. ज्या पोरांना पन्नास डायनोसॉरची नावं पाठ असतात, त्यांना 'एवे' आणि 'मलिंके' जड जातील? पैशांचा मुद्दा मात्र खरा आहे. दर आठवड्याला शिक्षक आणायचा तर खर्च येतो. मग चार ग्रुपचे चार शो करण्यापेक्षा एकाच परंपरेतला एक शिक्षक सहा आठवडे बोलवा. एकच ताल शिकवा, पण त्याच्या गावासकट, नाचासकट.

आणि आपलं काय? कॉलेज फेस्टच्या जॅमिंगमध्ये गिटारशेजारी जेंबे असतोच. तो वाजवणाऱ्या मित्राला एकदा विचारा, हा कुणाचा? उत्तर 'ऑनलाइन मागवलाय' असं आलं, तर त्याला आधी नकाशा दाखवा.

भाच्याला मी होमवर्क दिला होता: शिकलेल्या तालाचं नाव शोधून आण. अजून त्याचा फोन आलेला नाही. शाळेत कुणाला माहीतच नसेल, तर तो बिचारा तरी काय करणार?