तबकडी एकदाच वाजवा, पण नीट!



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पळस आणि कुसुमाच्या झाडांवर लाख तयार होते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या या लाखेच्या मिश्रणातूनच बनत. १९४८ मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड आली, ती विनाइल प्लास्टिकची. वर्गात मुलांना हे जरूर सांगा.

घरात अशा तबकड्या असतील तर भंगारात देऊ नका. पण स्पीकरसमोर मोबाईल धरला की काम झालं, असंही समजू नका. त्यात पंख्याचा आवाजसुद्धा येतो. सुई दर वेळी खाच थोडी झिजवते, म्हणून हे काम एकदाच पण नीट व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी धूळ काढा. रेकॉर्ड प्लेअर वायरने कॉम्प्युटरला जोडा. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लावा. पहिली प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवा. वेव्हला तासाला साधारण २ जीबी जागा लागते. एमपी३ मध्ये जागा वाचते, पण गाळलेला आवाज परत मिळत नाही. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीतून. मूळ प्रतीला हात लावू नका.

गावातल्या आजीची गोंडी गाणी रेकॉर्ड करतानाही हाच नियम पाळा. तबकडी निदान पुन्हा वाजवता येते, आजीचं तसं नाही.