देव, दवाखाना आणि लग्न

आमच्याकडे नवराबायकोनं मिळून घराबाहेर पडायला तीनच कारणं मान्य आहेत. देव, दवाखाना आणि लग्न. (मयत धरली तर चार होतात. पण मयतीला बाया वेगळ्या गाडीत बसतात, म्हणून ती सोडून देतो.) यापैकी एकही कारण नसताना दोघं निघाले, तर वडनेरच्या स्टँडवर एस.टी. येईपर्यंत किमान पाच जण विचारतात, "कोनाची तब्येत बिघडली का, मास्तर?"

येत्या पोळ्याच्या करीला आमच्या मंडळींना पन्नास वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त आम्ही दोघंच दोन रात्री बाहेर राहायला जाणार, असं मी घरात सांगितलं. सोबत कोणी नाही, नवस नाही, कुणाकडे उतरायचं नाही. एवढ्याशा वाक्यावर गेला महिनाभर जी चर्चा चालली आहे, तेवढी ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरसुद्धा होत नाही. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

सुरुवात वाढदिवसापासूनच करावी लागते. शाळेच्या दाखल्यावर बायकोची जन्मतारीख १ जुलै आहे. मी शाळेत नोकरी करतो. जुनी दाखल-खारीज रजिस्टरं चाळली की १ जून आणि १ जुलै या दोन तारखांचं अमाप पीक दिसतं. मूल शाळेत आणलं, बापाला तारीख माहीत नाही, वय तर बसवायचं आहे. हेडमास्तरांनी तारीख टाकली की झाला जन्म. अर्धा महाराष्ट्र या दोन दिवशी जन्मला आहे! बायकोची खरी तारीख सासूबाईंच्या आठवणीत आहे, आणि ती अशी : "पोळा झाला, दुसऱ्या दिशी कर, अन् पाऊस मरनाचा." मला ही तारीख दाखल्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते. पण मुद्दा असा की तिच्या पन्नासपैकी एकाही वाढदिवसाला सरकारदरबारी किंवा देवघरात जागा नव्हती.

देवघराचं मुद्दाम म्हणतो. आपल्याकडे वयाचे टप्पे साजरे करायची पद्धत नाही, हे पाश्चात्य खूळ आहे, असं मला एका नातेवाइकांनी ऐकवलं. साफ चूक. आपल्याकडे तर टप्प्यांची आख्खी यादी आहे. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत, साठाव्या वर्षी उग्ररथ, पंच्याहत्तराव्या वर्षी ऐंद्री, आणि पुढे ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन. होम, तुला, आहेर, पंगती, सगळं असतं. फक्त प्रघात पाहिला तर वय मोजलं जातं ते यजमानाचं. बायको शालू नेसून शेजारी बसते, हाताला हात लावते. साठी त्याची, पंगतीची लगबग हिची. ती त्याच्याहून पाच-सात वर्षांनी लहान असते, आणि तिची साठी येते तेव्हा घरात नातवाचं बारसं तरी असतं नाहीतर कापूस वेचणी. म्हणजे पद्धत आहे, ती बायकोपर्यंत पोचत नाही, एवढंच.

आणि आपण राहतो कुठे? बुलडाणा जिल्ह्यात. मातृतीर्थ म्हणून आपण छातीठोक सांगतो. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा, सिंदखेडराजाचा. दरवर्षी त्या दिवशी तिथे जी गर्दी लोटते ती पाहण्यासारखी असते. गावागावातून गाड्या भरून जातात. मलाही त्याचा अभिमान आहे. पण या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वीच्या एका बाईची जन्मतारीख पोराटोरांना पाठ आहे, आणि तेच पोर स्वतःच्या आईची तारीख विचारली की डोकं खाजवतं. मी वर्गात विचारून पाहिलं आहे. नववीच्या वर्गात बापाची तारीख सांगणारे बरे निघतात, कारण ती सातबाऱ्याच्या किंवा बँकेच्या कामात कुठेतरी लिहावी लागते.

असो. तर पहिला सल्ला आला तो अपेक्षित होता. शेजारचे काका म्हणाले, "शेगावले जाऊन या ना जोडीनं. महाराजाचं दर्शनबी होते अन् फिरनंबी." शेगावबद्दल माझं काही म्हणणं नाही. वडनेरहून तासाभराच्या अंतरावर आहे, तिथली स्वच्छता आणि शिस्त देशात नावाजली जाते, आणि आम्ही वर्षातून दोनदा जातोच. माझं म्हणणं वेगळं आहे. देवाच्या नावाखाली निघालं की आनंदाला पांघरूण मिळतं, म्हणून लोकांना ते सोयीचं वाटतं. नवराबायको एकमेकांच्या सहवासासाठी निघालेत, हे उघड बोलायची आपल्याला लाज वाटते. मग आपण महाराजांना मध्ये उभं करतो. ही भक्ती तर नाहीच, उलट महाराजांना आपल्या संकोचाचा जामीनदार करणं आहे. शिवाय देवाला निघालो की आत्याबाई येतात, शेजारच्या वहिनी येतात, त्यांच्या सुनेचं लेकरू येतं. डबे कोण बांधतं? जिचा वाढदिवस आहे तीच.

दुसरा सल्ला पुण्याहून, लेकीचा. तिनं मुळशीकडच्या एका ठिकाणाचे फोटो पाठवले. शेणानं सारवलेलं अंगण, बैलगाडीतून फेरी, चुलीवरची भाकर, ठेचा, रात्री शेकोटी. खाली लिहिलेलं, 'रोमँटिक ग्रामीण वीकेंड'. मी हसलो, पण बायको हसली नाही. ती फोटो मोठा करून भाकरी थापणाऱ्या बाईकडे बघत होती. म्हणाली, "हिला सुट्टी कधी असते हो?"

माझा खरा राग या दुसऱ्या प्रकारावर आहे. कृषी पर्यटन वाईट, असं मी म्हणत नाही. बारामतीकडे २००५ च्या सुमारास हे सुरू झालं, २०२० साली राज्य सरकारनं त्याचं धोरणही आणलं. पिकाला भाव नसताना चार पैसे मिळत असतील तर शेतकऱ्यानं जरूर मिळवावेत. पण खेडं 'रोमँटिक' वाटण्यासाठी एक अट असते. त्या खेड्यातलं काम दुसऱ्या कोणीतरी, बहुतेक वेळा बाईनं, करत राहायला हवं. आणि आपण ते बघत राहायला हवं. आमच्या घरी गॅस येऊन बरीच वर्षं झाली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर आमच्या वस्तीतल्या बऱ्याच चुली मागे पडल्या. (सिलिंडर परवडेना म्हणून काही परत पेटल्या, तो वेगळा विषय.) ज्या धुरातून डोळे सोडवायला बायकांची हयात गेली, तोच धूर आता ताटामागे पैसे घेऊन विकतात. बायकोनं कळण्याच्या भाकरी तीस वर्षं थापल्या आहेत. तिला त्याचा 'अनुभव' घ्यायला पुण्याला न्यायचं म्हणजे पोस्टमनला वाढदिवसानिमित्त पायी फिरायला नेण्यासारखं आहे.

शहरात राहणाऱ्या माझ्या मित्रांनाही हेच सांगायचं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण बायकोच्या वाढदिवसाला 'गावाकडे मस्त दोन दिवस' म्हणून तिला सासरी घेऊन येता. तुम्ही विहिरीत पोहता, पारावर गप्पा मारता, हुरडा खाता. ती डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात शिरते ती परतीच्या गाडीतच बसायला बाहेर येते. तुमचा निसर्ग तिची पाळी असते.

मग जायचं कुठे? आम्ही खेड्यातच राहतो, सकाळ-संध्याकाळ मोर ओरडतात, उत्तरेला आभाळ स्वच्छ असलं की सातपुड्याची रेघ दिसते. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान येताजाता दिसतो. चिखलदरा पावसाळ्यात सुंदरच असतं, पण शनिवार-रविवारी तिथे धुक्यापेक्षा गाड्याच जास्त. ज्ञानगंगा अभयारण्य जवळ आहे (२०१९ मध्ये टिपेश्वरहून हजारावर किलोमीटर चालत एक वाघ तिथे आला होता. जोडीदारीण शोधायला आला असावा असं तज्ज्ञ म्हणाले, आणि त्या बिचाऱ्याला कोणी 'देवाला निघालास का' असं विचारलं नाही). पण भर पावसात जंगलात काय दिसणार.

शेवटी लोणार ठरलं. ते बायकोच्या माहेरच्या वाटेवर आहे, आणि तिनं ते शाळेच्या सहलीत एकदाच, ओळीत उभं राहून, पंधरा मिनिटं पाहिलं आहे. जगात बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेली विवरं मोजकीच, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध हे आपलं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. त्याच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, कोणी पन्नास हजार वर्षं म्हणतं, तर कोणी साडेपाच लाखांच्या वर. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर बातम्या झाल्या, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते रामसर यादीत गेलं. परदेशातून माणसं येऊन काठावर तासन् तास बसतात. आमच्या जिल्ह्यातले लोक मात्र 'धारेवर' आंघोळ करून, दैत्यसूदनाच्या मंदिरात डोकं टेकवून जेवणाच्या वेळेला घरी. पोळ्याच्या सुमाराला विवराचे उतार हिरवेगार असतात. तिथे नुसतं बसायचं, बाकी काही कार्यक्रम ठेवलेला नाही.

खोलीसाठी फोन केला तो किस्सा सांगायलाच हवा. एका ठिकाणी विचारलं, "मिसेसच आहेत ना सोबत?" म्हटलं, सत्तावीस वर्षं झाली, बदलायची काही सोय आहे का? आमच्या भागात लॉज हा शब्दच बदनाम, त्यामुळे पन्नाशीच्या जोडप्यालाही खुलासा द्यावा लागतो. वाढदिवस आहे म्हटल्यावर त्यानं पलंगावर गुलाबपाकळ्यांचा बदाम काढायचे वेगळे पैसे सांगितले. एक टोक संशयाचं आणि दुसरं बदामाचं. मध्ये साधं जगणारं जोडपं असू शकतं, याची कल्पना तिथेही कोणाला नव्हती.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. माझे एक सहकारी म्हणाले, "सर, सोयाबीनचे हाल पाहता का? अशा दिवसांत हे शोभतं का?" हा प्रश्न मी टाळणार नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली माल गेला. आमच्याकडेही चार एकर आहे, मला ते कळतं. माझा पगार आहे, शेजाऱ्याचा नाही, हेही कळतं. पण हा प्रश्न लग्नातल्या डीजेला कोणी विचारत नाही. साखरपुड्याच्या पाचशे पानांना विचारत नाही. नेमका बायकोच्या दोन दिवसांना विचारतात. पैसा घरात नसेल तर लोणार राहू द्या, शेताच्या बांधावर दोघांनी बसा. पण तेही कोणी करत नाही, कारण बांधावर बसायचं तर संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करावा लागतो. अडचण पैशाची कमी आणि पोळ्या कोण लाटणार याची जास्त आहे.

आमच्याही घरी गाडं तिथेच अडलं होतं. आईचं वय ऐंशीच्या पुढे, तिला पथ्याचं लागतं. धाकटा भाऊ मलकापूरला असतो. त्याला सांगितलं, दोन दिवस ये आणि आईचं पाहा. तो म्हणाला, "हिला पाठवतो ना, दादा." म्हटलं, तसं नको. वहिनीची सुट्टी म्हणून तिनं यायचं, तर मग तिच्या पन्नाशीला कोण येणार? तू ये. तुला खिचडी येते, आईला खिचडीच चालते. त्यानं दोन दिवस विचार केला. काल फोन आला, येतो म्हणाला, पण विचारत होता की मूग डाळ किती आणि तांदूळ किती. बायकोनं फोन घेतला आणि प्रमाण सांगायला लागली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, आईला विचार, तिला माहीत आहे.