शाळेपुढचे शंभर यार्ड

सकाळी सातच्या सुमारास आपल्या गावातील किंवा शहरातील एखाद्या शाळेच्या फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहावे. पाठीवर दप्तर घेतलेली मुले सायकलवरून येत असतात. एका बाजूने मालमोटारी धावत असतात, दुसऱ्या बाजूला वाहने उभी केलेली असतात आणि मधल्या हातभर जागेतून ही मुले वाट काढतात. शाळेसमोर पुष्कळदा एक पानटपरी असते. तिच्यावर तंबाखूच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकत असतात, त्याही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. अलीकडे शहरांत याहून नवी एक वस्तू मुलांच्या हाती पडू लागली आहे. दिसायला ती कधी लेखणीसारखी असते, तर कधी रंगीत खेळण्यासारखी. तिला फळांचा किंवा मिठाईचा वास असतो. तिचे नाव ई-सिगारेट.

हे दृश्य आपण रोज पाहतो आणि रोज पाहतो म्हणूनच ते आपल्याला खटकेनासे होते. सायकलची वाट आणि सिगारेटचा धूर यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जागेचा आहे. शाळेकडे जाणारा रस्ता आणि शाळेपुढचे अंगण ही सर्वांच्या मालकीची जागा आहे. त्या जागेवर मुलांचा हक्क किती आणि इतरांचा किती, हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे. या प्रश्नाची चर्चा जेथे व्हायला हवी, ती सभा मुंबईत किंवा दिल्लीत भरत नाही. ती आपल्या नगरपालिकेत, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत भरते. त्या सभेकडे आपण पाठ फिरवली आहे, आणि त्याची किंमत आपली मुले मोजत आहेत, असे माझे मत आहे.

कायदे नाहीत, अशी तक्रार आपल्याला करता येणार नाही. संसदेने २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास त्याने मनाई केली. कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत असे पदार्थ विकू नयेत, असेही त्यात म्हटले आहे. यार्ड म्हणजे आपला जुना वार. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. पुढे २०१९ मध्ये ई-सिगारेटवर संपूर्ण बंदी घालणारा कायदा झाला. तिचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात हे सारे त्याने गुन्हे ठरवले. विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा होऊ शकतात. रस्त्यांच्या बाबतीत केंद्र सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्यावरील जागेची वाटणी करताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करावा, असे ते धोरण सांगते.

इतके असूनही शाळेपुढचे दृश्य बदलत नाही. कारण कायदा राजधानीत तयार होतो. पण टपरी शाळेपासून किती पावलांवर आहे, हे राजधानीतून दिसत नाही. रस्त्याच्या कडेला मुलाच्या सायकलपुरती जागा उरली आहे की नाही, हेही तेथून दिसत नाही. ते दिसते तेथे राहणाऱ्या माणसांना. याच जाणिवेने १९९२ मध्ये राज्यघटनेत ७३वी आणि ७४वी दुरुस्ती करण्यात आली आणि १९९३ पासून पंचायती व नगरपालिकांना घटनेचा आधार मिळाला. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय दिले आहेत. रस्ते व पूल, सार्वजनिक आरोग्य, नगरनियोजन हे त्यांतीलच होत. ग्रामपंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत असे २९ विषय आहेत. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असेही घटनेत नमूद आहे. राज्याराज्यांतील नियमांत फरक असेल. पण आपण नागपुरात असू, इंदुरात असू किंवा बडोद्यात, आपल्या दाराशी एक सरकार आहे, हे सर्वत्र सारखेच खरे आहे.

सायकल ही हौसेची वस्तू आहे, असा समज वरच्या वर्गात आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. दूधवाला, गवंडी, कारखान्यातील कामगार, घरकाम करणारी स्त्री, शाळकरी मुलगी अशा कितीतरी जणांचा दिवस सायकलवर सुरू होतो. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात प्रौढ साक्षरतेची मोठी चळवळ झाली. तेथील जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने स्त्रियांना सायकल शिकवणे हाही त्या चळवळीचा भाग बनला. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका अशा हजारो स्त्रिया सायकल चालवू लागल्या. अक्षर ओळखणे आणि कोणावर अवलंबून न राहता घराबाहेर पडणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी मिळवल्या. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा दूरच्या गावांतील मुलींचे शिक्षण पुढे चालू राहण्यास तिचे मोठे साहाय्य झाले. जिला सायकल मिळाली तिला सुरक्षित रस्ता मिळाला नाही, तर ती देणगी अर्धीच राहते.

या बाबतीत पुण्याचे उदाहरण बोलके आहे. एकेकाळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे दुचाकी स्वयंचलित वाहनांनी रस्ते भरून गेले. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. तो करताना नागरिकांच्या सूचनाही मागवल्या गेल्या होत्या. मात्र, मंजूर आराखडा म्हणजे बांधलेला रस्ता नव्हे. शहरातील सायकल मार्ग अनेक ठिकाणी तुटक राहिले. काही ठिकाणी त्यांवर वाहने उभी राहू लागली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकांच्या हाती होता. या काळात नागरिकांच्या वतीने सभागृहात उठून प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता. आराखडा कागदावरून रस्त्यावर उतरायचा असेल, तर प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी त्याची आठवण करून देणारे लोक असावे लागतात.

रस्ते अरुंद आहेत, वाहने वाढली आहेत, मग सायकलींना वेगळी जागा कोठून द्यायची, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. प्रत्येक गल्लीत सायकल मार्ग होणार नाही, हे उघड आहे. पण शाळेपर्यंतच्या रस्त्यावर सकाळी आणि दुपारी तासभर अवजड वाहनांना बंदी घालता येते. गतिरोधक करता येतात. शाळेपुढे वाहने उभी करण्यास मनाई करता येते. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. ठराव लागतो, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारी नजर लागते.

आता टपरीकडे वळू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील पंधरा वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करत होते. ही सवय बहुधा कोवळ्या वयात लागते, म्हणूनच कायद्याने शाळेभोवती शंभर यार्डांचे कुंपण घातले. पण ते कुंपण मोडल्यास होणारा दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे. एका दिवसाच्या विक्रीत तो भरून निघतो. म्हणून केवळ दंडावर विसंबून चालणार नाही. टपरीला जागा आणि परवाना देताना स्थानिक संस्थेने अंतराची अट कटाक्षाने पाहिली, तर दंडाची वेळच पुष्कळदा येणार नाही.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. टपरीवाल्याच्याही घरी चूल पेटायची असते. त्याचीही मुले कदाचित त्याच शाळेत शिकत असतील. त्याची टपरी उचलून नेली आणि विषय संपला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे रक्षण करणारा कायदा २०१४ मध्ये झाला आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच प्रतिनिधी असावे लागतात. टपरी दुसरीकडे हलवायची, की तिच्यात तंबाखूऐवजी वह्या, पेन्सिली, शेंगदाण्याचे लाडू ठेवायचे, याचा निर्णय या समितीत विक्रेत्याला शेजारी बसवून करता येतो. मुलांचे हित आणि गरिबाची भाकरी यांचा मेळ घालायचा असेल, तर त्यासाठी समोरासमोर बसून बोलण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

ई-सिगारेटच्या बाबतीतही मतभेद आहेत. ज्यांना धूम्रपान सोडायचे आहे त्यांना तिची मदत होते, असे काही जण म्हणतात. ब्रिटनने तिच्यावर संपूर्ण बंदी न घालता नियम घातले. परंतु एकदा वापरून फेकून देण्याच्या ई-सिगारेटी तेथेही मुलांच्या हाती जाऊ लागल्या, तेव्हा जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली. प्रौढ व्यसनी माणसाबद्दल काहीही मत असले, तरी ज्या मुलाने कधी विडी ओढली नाही त्याला निकोटीनची चटक लावण्याचे समर्थन कोणीच करू शकणार नाही. ई-सिगारेटमध्ये विजेरीच्या साहाय्याने एक द्राव तापवून त्याची वाफ केली जाते. त्या द्रावात बहुधा निकोटीन असते. जाळ नाही, राख नाही, तंबाखूचा वास नाही. त्यामुळे घरच्यांना सुगावाही लागत नाही. बंदीमुळे ही वस्तू उघड्या दुकानातून गेली, पण चोरट्या मार्गाने ती येतेच. तिच्यावर कारवाई करण्याचे काम मुख्यतः पोलिसांचे आहे. तरीही कोणत्या दुकानाच्या मागच्या कप्प्यात ती मिळते, हे वस्तीला आधी कळते. ही माहिती सभेत मांडली गेली, तिची नोंद झाली आणि ती लेखी स्वरूपात पोलिसांकडे गेली, तर बंदीला अर्थ येतो. कोणा एकट्या पालकाने तक्रार करण्यास कचरणे स्वाभाविक आहे. सभेच्या ठरावामागे सारी वस्ती उभी असते.

सभेला जाऊन काय उपयोग, तेथे आमचे कोण ऐकणार, असे अनेकांना वाटते. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांना तर आपण बोललो तर लोक हसतील अशी भीती वाटते. ही भीती मी समजू शकतो. परंतु रस्त्यातील खड्डा कोठे आहे हे सांगण्यासाठी पदवी लागत नाही. रोज पहाटे सायकलवरून कामाला जाणाऱ्या बाईला कोणत्या वळणावर जीव मुठीत धरावा लागतो, हे अभियंत्यापेक्षा तिला अधिक चांगले ठाऊक असते. तिने ते चार वाक्यांत लिहून अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली, तर तो अर्ज नगराच्या दप्तरात राहतो. त्या अर्जाचे पुढे काय झाले, हे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने तिला विचारता येते. ग्रामसभेत तर गावच्या प्रत्येक मतदाराला बसण्याचा हक्कच आहे. पुण्यासारख्या शहरात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. लिहिता-वाचता येण्याचा याहून चांगला उपयोग कोणता असू शकेल?

लोकशाही म्हटले की आपल्याला पाच वर्षांनी येणारे मतदान आठवते. मतदान महत्त्वाचे आहेच. पण दोन मतदानांच्या मधल्या काळात आपण काय करतो, यावर आपल्या गल्लीचे रूप ठरते. तेव्हा एक साधी गोष्ट करून पाहावी. येत्या रविवारी आपल्या जवळच्या शाळेच्या फाटकापासून चालायला सुरुवात करावी. सुमारे १२० पावले चालल्यावर शंभर यार्ड पूर्ण होतात. तेवढ्या अंतरात तंबाखू कोठे कोठे विकली जाते आणि सायकलवरून येणाऱ्या मुलाला कोठे कोठे अडथळा होतो, हे एका कागदावर लिहावे. खाली आपले नाव घालून तो कागद पुढच्या सभेला घेऊन जावे. कायद्याने त्या शंभर यार्डांची राखण करण्याचे वचन दिले आहे. ते वचन पाळले जाते आहे की नाही, हे मोजून पाहणारी पावले मात्र आपलीच असावी लागतील.