यातले तुझे फूल कोणते?

गेल्या पालक दिनाला कलाकक्षाच्या भिंतीवर सातवीच्या कॅडेट्सनी केलेले क्विलिंग लावले होते. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेला मोठा मोर आणि त्याच्या पायाशी फुलांची रांग. येणारा प्रत्येक जण थांबून फोटो काढत होता. एका कॅडेटचे वडील रात्रभर प्रवास करून आले होते. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारले, "यातलं तुझं फूल कोणतं?" मुलाने आधी माझ्याकडे पाहिले आणि मग एका फुलाकडे बोट केले. ते फूल मी केलेले होते. त्याचे फूल आदल्या रात्री मीच काढून टाकले होते, कारण त्याच्या पाकळ्या लहानमोठ्या झाल्या होत्या.

त्या वेळी मी गप्प राहिलो. म्हणून आता लिहितो आहे.

क्विलिंग ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कागदाची अरुंद पट्टी एका काडीवर गुंडाळायची, हलकेच सैल सोडायची, शेवटचे टोक चिकटवायचे आणि मग चिमटीत दाबून आकार द्यायचा. एका बाजूने दाबली की थेंब होतो, दोन्ही बाजूंनी दाबली की डोळा. पाच थेंब गोलाकार मांडले की फूल. युरोपातल्या मठांमध्ये नन सोनेरी कडांच्या कागदी पट्ट्यांनी धार्मिक वस्तू सजवत असत. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सधन घरांतल्या स्त्रियांचा तो छंद झाला. पिसाच्या दांडीला इंग्रजीत 'क्विल' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले असे मानतात.

"सैनिकी शाळेत हे ग्रीटिंग कार्डाचं काम कशाला?" असे काही पालक विचारतात. त्यावर आमचे ठरलेले उत्तर असते की बोटांना शिस्त लागते, एकाग्रता वाढते. अनेक वर्षे मीही हेच सांगत आलो. आता ते मला पटत नाही. शिस्तीसाठी आपल्याकडे पहाटेची पी.टी. आहे, ड्रिल आहे, लॉकरची तपासणी आहे. त्यात कागदाच्या गुंडाळीची भर घालायची गरज नाही. उलट ड्रिलचा नियम कलाकक्षात आणला की घोटाळा होतो. मैदानावर एकाचे पाऊल चुकले तर सगळी तुकडी विस्कळीत दिसते, आणि उस्तादांनी ते जागच्या जागी सुधारावे हेच योग्य. पण एका कॅडेटच्या वाकड्या फुलाने शेजारच्याचे फूल बिघडत नाही. सगळ्यांची फुले एका मोराखाली रांगेत लावून आम्हीच त्यांची तुकडी केली, आणि मग जे रांगेत बसत नव्हते ते बाहेर काढले.

सहावी ते आठवीच्या मुलांना क्विलिंग शिकवावे, असे माझे ठाम मत आहे. फक्त त्याचे कारण वेगळे आहे. फेव्हिकॉल लागेपर्यंत गुंडाळी पुन्हा उलगडता येते. जलरंगाचा हात एकदा चुकला की कागद खराब होतो, आणि मूल रबराने घासून घासून त्याला भोक पाडते. इथे पट्टी सरळ करायची आणि पुन्हा सुरुवात करायची. एकदा वळलेली पट्टी दुसऱ्या वेळी जास्त सहज वळते. दिवसभर 'चुकू नको' ऐकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला चूक स्वस्तात करता येण्याची एवढी सोय दुसऱ्या कुठल्या तासाला मिळत असेल, असे वाटत नाही.

ही सोय तयार साहित्याने निम्मी वाया जाते. बाजारात तीन, पाच, दहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांची पाकिटे मिळतात, सोबत फट असलेली दांडी मिळते. सोयीचे आहे, पण मूल कागदाला ओळखतच नाही. त्याऐवजी साधा ए-फोर कागद घ्यावा. २९७ मिलिमीटर लांबीवर पाच-पाच मिलिमीटरच्या खुणा केल्या की ५९ पट्ट्या निघतात, प्रत्येक २१ सेंटिमीटर लांब. खुणा मुलांनी कराव्यात. कटर मात्र शिक्षकांच्याच हातात असावा. त्याआधी त्याच कागदाचा चौकोनी तुकडा एकदा उभा आणि एकदा आडवा वाकवून पाहायला सांगावे. एका दिशेने तो मुकाट वळतो, दुसऱ्या दिशेने अडतो. कागदालाही लाकडासारखी रेषा असते, हे मुलांना सांगण्यापेक्षा बोटांना कळू द्यावे. दांडीऐवजी टूथपिक पुरते. प्रथमोपचाराच्या तासाला बँडेज गुंडाळताना सैल पडले की काय होते हे त्यांना माहीत असतेच. इथेही ताण सारखा ठेवायचा. गुंडाळी बाटलीच्या झाकणात सोडली की ती ठरावीक मापापर्यंतच उघडते. डिंकाचा मात्र सगळ्यांनाच हव्यास असतो. टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढा थेंब पुरे, हे मी वर्षातून किती वेळा ओरडतो याची नोंद ठेवलेली नाही.

गुंडाळीच्या कडा जुळल्या नाहीत की तिचा मधला भाग वर निघतो आणि शंकू होतो. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाचे हेच होते. पूर्वी मी अशा गुंडाळ्या टाकायला लावत असे. एकदा एका मुलाने त्या जपून ठेवल्या आणि पुढच्या तासाला मुद्दाम आणखी उंच ओढून त्यांची धोतऱ्याची फुले केली. कागदाचे झुमके करणारे हीच युक्ती वापरतात; घट्ट गुंडाळी आतून ढकलून तिचा घुमट करतात. हे मला माहीत होते, तरी वर्गात कधी सुचले नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी. एका पुठ्ठ्यावर कॅडेटची पहिल्या तासाची गुंडाळी आणि शेजारी शेवटच्या तासाची, खाली त्याचे नाव, एवढेच लावावे. शिक्षकांनी त्याला बोट लावू नये. गुण सुबकपणाला देऊ नयेत. दोन गुंडाळ्यांमध्ये काय बदलले आणि त्यासाठी त्याने काय केले, हे तो सांगू शकतो का ते पाहावे. आणि स्थापना दिन जवळ आला की कलेचे तास मंचाच्या सजावटीला जातात, ते निदान या सहा-सात तासांपुरते थांबवावे. तास तुटले की मुलांचा हात पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

"प्रमुख पाहुण्यांसमोर हे बरं दिसेल का?" असे माझ्या एका सहकाऱ्यांनी विचारले. मोराइतके बरे दिसणार नाही, हे मला मान्य आहे. फोटोही कमी निघतील. पण मोर पाहून पाहुण्यांना माझा हात कळला होता, मुलांचा नाही. आणि ज्याने रात्रीचा प्रवास केला तो बाप माझा हात पाहायला आला नव्हता.

यंदा भिंतीवर मोर नसेल. पुठ्ठे असतील, आणि खाली टेबलावर पट्ट्या, टूथपिक, बाटलीची झाकणे व फेव्हिकॉलची एक वाटी ठेवलेली असेल. पालकांनी खुर्ची ओढून बसावे आणि एक पट्टी स्वतः गुंडाळून पाहावी. अडले तर शेजारी उभा असलेला कॅडेट सांगेल.