नवा कोंबडा आणताना

आपल्या मुखेड तालुक्यात मजुरीवर चालणाऱ्या घरातल्या पाच गावरान कोंबड्या म्हणजे त्या माउलीचा अडीनडीचा पैसा. वही-पेन, दवाखाना, एस.टी.चे भाडे यातूनच निघते. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ७० अंडी देते. पाच कोंबड्यांची तीनशे-साडेतीनशे झाली. नव्या कोंबड्याच्या पायी हा सगळा हिशेब आठ दिवसांत शून्यावर येऊ शकतो. म्हणून आज त्याविषयी.

पहिला प्रश्न, कोंबडा हवाच का? खायला-विकायला अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरज नाही. कोंबडी त्याच्यावाचूनही अंडी घालते. पिल्ले काढायची असतील तरच तो लागतो. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरे. दोन-तीनच कोंबड्या असतील तर तरणा कोंबडा त्यांच्या पाठीची पिसे उपटून काढतो. त्यापेक्षा खुडूक कोंबडीखाली शेजारणीकडची फळलेली अंडी ठेवावीत. आणि आपल्याच कोंबडीचा पट्ठा पुन्हा त्याच कळपात ठेवू नये, वाण खचतो. तो शेजारच्या गावाशी बदलून घ्यावा.

आता धोका. बाजारातला पट्ठा दिसायला तरतरीत असला तरी अंगात रोग घेऊन येऊ शकतो. आपण ज्याला मानमोडी म्हणतो तो राणीखेत रोग. १९२८ साली हिमालयातल्या राणीखेत गावी आढळला म्हणून हे नाव. त्यावर औषध नाही, लस मात्र आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीचे इंजेक्शन. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, बर्फात आणावी लागते आणि फोडल्यावर लगेच वापरावी लागते. चार कोंबड्यांसाठी एकटीने ती आणणे परवडत नाही. म्हणून गल्लीतल्या दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा आणि जनावरांच्या दवाखान्यातून लस करून घ्यावी. एका घराने लस केली आणि शेजारच्याने नाही, तर रोग गल्लीतच राहतो.

बर्ड फ्लूही विसरू नका. २००६ मध्ये तो नवापूरला आला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये जवळच्या उदगीरला कावळे मेले. अचानक मर लागली तर मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकू नये, कापून खाऊ नये, दवाखान्याला कळवावे.

म्हणून नवा कोंबडा आणल्यावर निदान तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या डालग्याखाली ठेवावा. आधी जुन्या कोंबड्यांना दाणा-पाणी घालावे, मग त्याला, आणि हात साबणाने धुवावेत. शिंका, हिरवट हगवण, वाकडी मान, पिसांत उवा आहेत का ते रोज पाहावे.

पुढचा आठवडा त्याचे डालगे कोंबड्यांजवळ आणावे. दिसू द्यावे, भिडू देऊ नये. मग एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, त्याला खुराड्यात सोडावे. अंधारात कोंबड्या भांडत नाहीत.

सकाळी मात्र भांडण होणारच. कोंबड्यांत मान ठरलेला असतो : कोण कोणाला टोचणार, दाण्यावर आधी कोण जाणार. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे या अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या सुमारास, हे नीट पाहून लिहिले. ही पायरी जन्माने ठरत नाही आणि कायमचीही नसते. पाच महिन्यांच्या पट्ठ्याला दोन वर्षांच्या कोंबड्या सुरुवातीला दामटणारच. दाणा-पाणी दोन ठिकाणी ठेवावे, लपायला एखादी पाटी तिरकी लावावी. नुसती टोचाटोची असेल तर मध्ये पडू नये. रक्त दिसले तर लगेच वेगळा करावा, कारण लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच टोचतात. जुना कोंबडा असेल तर नवा सोडण्याआधी त्याची सोय लावावी.

महिना-दोन महिन्यांत पट्ठा भरतो. मग दाणा सापडला की तो आधी स्वतः न खाता कोंबड्यांना हाक मारतो. तसे दिसले की तो कळपात रुळला असे समजावे. पिलांसाठी अंडी त्यानंतर आठ-दहा दिवसांनी जमवावीत. घरात आधी जुना कोंबडा असेल तर तीन आठवडे थांबावे, नाहीतर पिल्ले जुन्याचीच निघतील. अंडी खाली घातल्यापासून २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

एकूण दोन महिन्यांचे काम आहे. खर्च जवळजवळ नाही, लागतो तो धीर. लसीचा दिवस मात्र याच आठवड्यात ठरवा.