'फिल्मोग्राफी': एका संज्ञेतील गृहीतक

'फिल्मोग्राफी' म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या चित्रपटांची यादी, एवढाच अर्थ मराठी चित्रपटसमीक्षेत गृहीत धरला जातो. ही संज्ञा निरुपद्रवी आहे, असा समज त्यामागे असतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

'बिब्लिओग्राफी'च्या धर्तीवर ही संज्ञा घडली. 'फिल्म' हा मुळात पातळ पापुद्रा या अर्थाचा इंग्रजी शब्द, तर 'ग्राफी' हे लेखनवाचक ग्रीक पद. ग्रीकमध्ये 'बिब्लिओग्राफिया' म्हणजे ग्रंथ लिहिणे. ग्रंथांची सूची हा अर्थ पुष्कळ नंतरचा. नव्या संज्ञेने ग्रंथव्यवहाराकडून केवळ शब्दरचना घेतली नाही; कृतीमागे एक कर्ता असतो ही धारणाही तिच्याबरोबर आली. त्रुफो यांचा १९५४ मधील लेख आणि सॅरिस यांचे १९६२ मधील विवेचन यांनी दिग्दर्शकाला कर्तेपण बहाल केले, तेव्हा या धारणेला सिद्धान्ताचे पाठबळ मिळाले.

'संत तुकाराम' (१९३६) कोणाच्या नावावर मांडायचा? दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दोघांचे, लेखन शिवराम वाशीकरांचे, तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीसांची. हा चित्रपट चौघांच्याही याद्यांत येतो, परंतु प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा असतो. कादंबरी चार जणांच्या ग्रंथसूचींत अशी विभागली जात नाही. शिवाय 'प्रभात'मध्ये दामले ध्वनिलेखन आणि फत्तेलाल कलादिग्दर्शन सांभाळत. केवळ दिग्दर्शित चित्रपटांची यादी केली, तर त्यांच्या कर्तृत्वाचा हा मोठा भाग नाहीसा होतो. आणि सरसकट यादी केली, तर नाते कळत नाही.

'चित्रपटसूची' हा शब्द मराठीत उपलब्ध असताना तो केवळ भाषाशुद्धीचा आग्रह म्हणून बाजूला सारला जातो. हा आक्षेप वरवरचा आहे. 'सूची' या शब्दामागे सूचित करण्याचा, निर्देश करण्याचा अर्थ आहे. लेखनाचा किंवा कर्तेपणाचा दावा त्यात नाही. अर्थात शब्द बदलल्याने दृष्टी आपोआप बदलत नाही. प्रत्येक नोंदीपुढे त्या व्यक्तीचे कार्य न नोंदवणारी चित्रपटसूची 'फिल्मोग्राफी'इतकीच दिशाभूल करील.

यादी ही समीक्षेपूर्वीची तटस्थ सामग्री नव्हे. कोणाचे नाव कोणत्या कृतीशी कोणत्या नात्याने जोडायचे, हा निर्णय तिच्यातच झालेला असतो. तो न तपासता दिग्दर्शकाच्या 'शैलीविकासा'वर प्रबंध लिहिणारी समीक्षा आपला निष्कर्ष परिशिष्टातच ठरवून बसलेली असते.