बाप फडात, फॉर्म कॅफेत

पोराच्या कॉलेजच्या फॉर्मात आईबापानं किती डोकं घालावं, यावर पांढरपेशा घरांत सध्या जोरात वाद चालतो. आमच्या पाटोद्यात ऊसतोड्यांच्या घरी हा वाद होतच नाही. फॉर्म निघतात तेव्हा आईबाप गावातच नसतात. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोयता निघतो कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं. नवरा-बायको मिळून एक कोयता. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, सीईटीचे फॉर्म तिच्या मागंपुढं, आणि कोयता परततो उन्हाळ्यात.

माझंच सांगतो. माझ्या आधारला नंबर बापाचा. मी नेट कॅफेत, ओटीपी फडात. टोळीतल्या एका शिकल्या पोरीनं आकडे वाचून दाखवले, बापानं फोनवर सांगितले. मग भीतभीत विचारलं, "ह्यो कशाचा नंबर हाय रं? कर्जाचा न्हाई ना?"

मी म्हणालो, "तुमाला न्हाई कळायचं."

पुन्हा त्यानं विचारलं नाही. पावसाळ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता, तेव्हा तो घरी होता, कॅफेच्या पायरीपर्यंत आलाही होता. आत मी आणि कॅफेवाला. क्रम त्यानंच लावला. त्या दिवशी कॅफेवाला माझा बाप झाला! नंबर लागला लांबच्या शहरात. वसतिगृह मिळालं नाही, खोलीभाडं झेपलं नाही. वर्षात परत आलो. तेव्हा बाप एवढंच बोलला, "ऱ्हाणार कुठं, खाणार काय, पैसा कधी हातात येणार, येवढं तरी इचारलं असतं मी."

हे तीन सवाल कुठल्याच फॉर्मात नाहीत. बारा गावचं पाणी प्यालेल्या माणसाला ते ठाऊक होते. मी त्याला अडाणी समजलो. व्यवस्थेनं त्याला अडाणी ठेवलं आणि मी त्यावर शिक्का मारला.

व्यवस्थेला आमचा बाप लागतो, पण कागदापुरता. उत्पन्नाचा दाखला त्याचा. जात पडताळणीला तर आजाही लागतो. अनुसूचित जातीला पुरावा हवा 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य. ज्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्या शाळेचा दाखला आणायचा कुठून? तो कुठल्या गावात राबला, कुणाच्या नोंदीत त्याचं नाव सापडेल, हे आजीला आणि मायलाच माहीत. गुगलला नाही.

मग आईबाप सांगतील तेच भरायचं का? नाही. रामजी सुभेदारांनी लेकींचे दागिने गहाण टाकून भीमरावाला पुस्तकं आणून दिली. पण 1913 साली बडोद्याच्या नोकरीत बाबासाहेब गेले ते वडिलांच्या मनाविरुद्ध. बापानं सवाल करावेत, पोरानं ऐकावेत, निर्णय पोराचा. पोरीचाही! लग्नाची घाई करणाऱ्या बापाला हे तोंडावर सांगावं लागेल. तिच्या फॉर्मवर पाणी ओतायचा हक्क कुठल्याच बापाला नाही.

म्हणून शहरात गेलेल्या दोस्तांनो, तुमच्याकडं मागणं आहे. दसऱ्याच्या आधी, ट्रक भरायच्या आत, आपापल्या वस्तीवर या. अकरावी-बारावीच्या पोरापोरींचे कागद आईबापासमोर तपासा. पडताळणीचा अर्ज आधीच टाकायला लावा. आधारला पोरांचा स्वतःचा नंबर जोडून द्या. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या की पसंतीक्रमाची यादी समाजमंदिरात मोठ्यानं वाचा, मराठीत, आणि प्रत्येक कॉलेजापुढं तेच तीन सवाल विचारा. माय काय म्हणते ते लिहून घ्या.

माझा बाप यंदाही फडात जाणार आहे. धाकटीची बारावी आहे. फॉर्मची कच्ची यादी मी त्याला वाचून दाखवली. त्यानं दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा बरोबर थांबवलं.